सुरमादाणीत काय आहे?

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



साथींनो, मला बोलावताना विषय दिला होता ‘आरोग्य’. एवढ्या मोठ्या विषयावर तासाभरात फक्त उपदेश होतो, म्हणून मी तो आवळून घेतला आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे आज एका धातूबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव शिसे.

शिसे म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा आठवते शिसपेन्सिल. गंमत अशी, की शिसपेन्सिलीत शिसे नसते. तिच्यात ग्राफाइट असते, म्हणजे कार्बन. मूल पेन्सिल चावते म्हणून आई घाबरते. तिथे घाबरण्यासारखे फारसे काही नाही. जिथे शिसे खरोखर आहे तिथे मात्र त्याचे नाव कुठेच लिहिलेले नसते. आजचे माझे बोलणे त्या जागांबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, आसगावात हे कशाला? इथे सभोवती धानाच्या बांध्या आहेत, चौरासची सुपीक जमीन आहे, धुराडी दिसत नाहीत. विषारी धातू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठा कारखाना येतो, रंगीत पाण्याचा नाला येतो. लहान मुलांच्या बाबतीत ते चित्र अर्धेच खरे आहे. मुलाच्या पोटात शिसे जाण्याचे बरेच रस्ते घराच्या उंबरठ्याच्या आत आहेत: स्वयंपाकाचे भांडे, हळदीचा डबा, अब्बांच्या कामाच्या कपड्यांवरची धूळ आणि सुरमादाणी. यांतली एकही गोष्ट आसगावात मिळत नाही असे नाही.

आधी शिसे शरीरात करते काय, ते पाहू. शरीराला लोह लागते, जस्त लागते, थोडे तांबेही लागते. शिसे अजिबात लागत नाही. पण शरीराला ते कॅल्शियमसारखे भासते. ज्या दारातून कॅल्शियमला आत घेतात, त्याच दारातून शिसेही आत शिरते, हाडांत जाऊन बसते आणि मेंदूत पोचते. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी दहाव्या हिश्शाच्या आसपास शरीरात मुरते. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. मूल रांगते, जमिनीवरचे हात तोंडात घालते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. पोटात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शिसे आणखी जास्त शोषले जाते. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच धुळीत खेळणाऱ्या दोन मुलांपैकी ज्याच्या ताटात कमी आहे त्याच्या रक्तात शिसे जास्त चढते. गरिबी इथे नुसती पार्श्वभूमी म्हणून उभी नसते, ती विषाला आत यायला दार उघडून देते.

हाडांत बसलेले शिसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे तिथेच राहते. मुलगी मोठी होते, तिला दिवस जातात, बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतले कॅल्शियम सुटू लागते. त्याच्यासोबत तिच्या लहानपणीचे शिसेही सुटते आणि नाळेतून बाळापर्यंत जाते.

किती शिसे म्हणजे धोका? रक्तातले शिसे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका डेसिलिटर रक्तात, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये किती मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असते. त्याची पातळी ५ आली, तर त्याच्या सगळ्या रक्तात मिळून ५० मायक्रोग्रॅम शिसे फिरते आहे. हे किती? मिठाचा एक बारीक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. एक दाणा! आणि एवढ्यानेही फरक पडतो. अमेरिकेत १९९१ साली १० ही चिंतेची पातळी मानली होती. २०१२ मध्ये ती ५ केली आणि २०२१ मध्ये ३.५. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

या आकड्यांत एक विचित्र गोष्ट आहे. २००५ साली वेगवेगळ्या देशांतल्या तेराशेहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून बुद्ध्यंकाचा हिशेब मांडला गेला. शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक सुमारे ३.९ गुणांनी उतरतो. पुढे १० वरून २० वर जाताना आणखी १.९ गुणांनीच. म्हणजे पहिला, थोडासा वाटणारा डोसच सर्वाधिक नुकसान करतो. बुद्ध्यंकावर माझी फार श्रद्धा नाही, तो माणसाचे माप नव्हे. पण हजारो मुलांची सरासरी चार गुणांनी खाली येते, तेव्हा वर्गात काय घडते ते शिक्षक म्हणून मला कळते. ज्याला विशेष मदत लागते अशा मुलांची संख्या वाढते, आणि जो फार पुढे गेला असता तो मधल्या बाकावर राहतो. मधल्या बाकावरच्या मुलाला कोणी दवाखान्यात नेत नाही. त्याला आपण म्हणतो, ‘लक्षच नाही याचं.’

अगदी जास्त शिसे झाले तर पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, झटके आणि मृत्यू. नायजेरियाच्या झाम्फारा राज्यात २०१० मध्ये हे जगाने पाहिले. मुस्लीम खेड्यांचा, गरीब शेतकऱ्यांचा तो भाग. सोन्याचा भाव चढला होता, म्हणून लोक घरीच खनिज दगड फोडू लागले. त्या दगडात सोन्याबरोबर शिसे भरपूर होते. धान्य दळण्याच्या गिरण्यांत दगड दळले गेले, अंगणात धुतले गेले, धूळ चुलीपर्यंत आली. किमान चारशे मुले मेली. त्याच्या दोनच वर्षे आधी सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत काही महिन्यांत अठरा मुले गेली; तिथे बायका जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे आणि शिसेमिश्रित माती चाळून विकत होत्या. कोणी कोणाला विष पाजले नव्हते. लोक पोट भरत होते.

आपल्याकडे काय? युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला: जगात तीनपैकी एका मुलाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ किंवा त्याहून जास्त आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतात. हे अंदाज आहेत, प्रत्येक मुलाचे रक्त कोणी काढले नाही. पण आपल्या सर्वांत जवळच्या मोठ्या शहरात ते काढले गेले होते. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्चना पटेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने ते सहा वर्षे वयाची २९७ मुले तपासली. तीनांतल्या दोघांच्या रक्तात शिसे १० च्या वर निघाले, सरासरी १८.४. आपल्या देशात पेट्रोलमधून शिसे गेले ते २०००च्या सुमारास, त्यामुळे आजचा आकडा खाली आला असणार. पण आज तो किती आहे हे सरकारने कुठे मोजले? १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचे शिसे तपासले होते. पुढच्या तीन फेऱ्यांत हिमोग्लोबिन तपासले, शिसे नाही. बोटातून रक्ताचा थेंब काढतच होते ना? जे मोजत नाही त्याच्यावर उत्तर द्यावे लागत नाही, हे सरकारांना चांगले ठाऊक असते.

आता सुरम्याकडे येतो. मला माहीत आहे, इथे काही जण सावरून बसतील.

सुरमा म्हणजे काय? रसायनशास्त्राच्या शिक्षकाला हा प्रश्न फार आवडतो. अरबीत ‘इस्मिद’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ अँटिमनी, एक वेगळा धातू, आणि त्याचे काळे खनिज. डोळ्यात घालायच्या काळ्या पुडीला अरबीत ‘कुहल’ म्हणतात. (जाता जाता, ‘अल्कोहोल’ हा शब्द याच ‘अल-कुहल’वरून आला आहे. आधी त्याचा अर्थ बारीक वस्त्रगाळ पूड, मग कशाचाही शुद्ध अर्क, आणि मग दारू. शब्दांचा प्रवासही कसा होतो पाहा.) आपल्या परंपरेत जी शिफारस सांगितली जाते ती इस्मिदची. पण अँटिमनीचे खनिज दुर्मीळ आणि महाग. त्याच्यासारखेच काळे, चमकदार, जड आणि स्वस्त असे दुसरे एक खनिज आहे, गॅलेना. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक. शुद्ध गॅलेनाच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ८६ ग्रॅम शिसे असते. नुसत्या डोळ्याला दोन्ही पुडी सारख्याच दिसतात. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या काजळातही बहुतेक गॅलेनाच निघाले आहे, म्हणजे ही अदलाबदल फार जुनी आहे. आखाती देशांत आणि भारत-पाकिस्तानात विकला जाणारा सुरमा वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तपासला, तेव्हा पुष्कळ नमुन्यांत हेच निघाले. काहींत तर निम्म्याहून जास्त भाग शिशाचा. डब्यावर ‘अस्ली इस्मिद’ छापले म्हणून आतला दगड बदलत नाही.

एका दादींनी मला सरळ विचारले होते, “आमी लहानपनी रोज लावला बेटा, आमाले का झालं?” मी म्हटले, “दादी, तुम्हांला काही झालं की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण तुमच्या लहानपणी कोणी तुमचं रक्त तपासलं नाही.” त्या म्हणाल्या, “मंग आता पोट्ट्याचं तपासतं का कोनी?” माझ्याकडे उत्तर नव्हते. खरा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

डोळ्यात घातलेले शिसे रक्तात कसे जाते, असेही विचारले जाते. डोळ्याच्या पडद्यातून थोडे जाते की नाही यावर वाद असू शकेल, पण खरा रस्ता साधा आहे. डोळ्यातले पाणी नाकात आणि नाकातून घशात उतरते. रडल्यावर नाक का गळते, ते आठवा. आणि बाळ दिवसभर डोळे चोळते, मग तीच बोटे तोंडात घालते. मिठाच्या दाण्याचा हिशेब आताच केला. सुरम्याच्या सळईच्या टोकाला किती दाणे चिकटत असतील, तो हिशेब तुम्ही करा.

मी आलिम नाही आणि दीनवर फतवा द्यायला इथे उभा नाही. मी फक्त एवढे म्हणतो, की जो सुन्नत म्हणून सुरमा लावतो त्याला आपल्या हातात कोणता पदार्थ आहे हे विचारण्याचा पहिला हक्क आहे. प्रौढ माणसाने स्वतःच्या डोळ्यात काय घालावे ते त्याने ठरवावे. पण चाळीस दिवसांच्या बाळाला सुरमा लावलाच पाहिजे, असे मला आजवर कोणत्याही इमामसाहेबांनी सांगितलेले नाही. आणि खरे अँटिमनी मिळाले तरी बाळाच्या डोळ्यात ते कशाला घालायचे? तेही काही अन्न नव्हे. तुपाच्या दिव्यावर घरी धरलेले काजळ म्हणजे कार्बन, त्यात शिसे नसते; तरी नवजात बाळाच्या डोळ्यात बोट घालू नका असेच डॉक्टर सांगतात, जंतुसंसर्गामुळे.

हे बोलताना एक सावधगिरी हवी. उद्या कोणी मथळा करेल, ‘मुस्लिमांच्या सुरम्यात विष’. म्हणून पुढचे वाक्यही लक्षात ठेवा: शिसे काही सिंदुरांत सापडले आहे, बाजारच्या काही काजळांत सापडले आहे, काही भस्मांत आणि काही कुश्त्यांत सापडले आहे. गॅलेना कोणाच्या घरात जाताना धर्म विचारत नाही. हा विषय शेजारच्या घरातल्या ताईंशीही याच शब्दांत बोला.

आता भांडी. भंडारा म्हणजे पितळेचे शहर, हे आपण अभिमानाने सांगतो. स्टीलने तो धंदा मोडला, पण आजीचा गंज, गुंड, परात अजून घरोघरी आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पण ओतकाम आणि कातकाम सोपे व्हावे म्हणून त्यात बरेचदा थोडे शिसे घातलेले असते. आंबट पदार्थ, चिंच, टोमॅटो, कढी अशा भांड्यात शिजवले की धातू अन्नात उतरतो. आपल्या जुन्या लोकांनी त्यावर उपाय काढला होता, कल्हई. कल्हईवाला गल्लीत यायचा, भाता चालवायचा, नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि भांडे चांदीसारखे चमकायचे. त्या धंद्यात आपल्या समाजातली पुष्कळ माणसे होती. कोणाचे आजोबा असतील. कल्हई म्हणजे कथिलाचा थर. शुद्ध कथील असेल तर उत्तम. पण कथील महाग आहे, शिसे स्वस्त आहे, आणि दोन्ही एकमेकांत सहज वितळतात. भेसळीचे कथील असेल तर ज्या थराने वाचवायचे, त्याच थरातून शिसे अन्नात येते. तोच धोका डाक लावलेल्या, झाळलेल्या भांड्यांचा, आणि भंगारातून वितळवून ओतलेल्या स्वस्त जर्मनच्या भांड्यांचा. भंगारात काय काय मिसळले आहे ते ओतणाऱ्यालाही माहीत नसते.

हल्ली मोबाइलवर कोणी तरी सांगते, ‘पितळेत शिजवा, आजीसारखे निरोगी राहा’, आणि लोक नवी भांडी मागवतात, कल्हईशिवाय. आजी कल्हई करून घेत होती, हे त्या व्हिडिओत नसते.

मी मुद्दाम कल्हईवाल्याचे नाव घेतले, कारण यातला सर्वांत जास्त धूर त्याच्याच छातीत गेला. आणि इथे मला खरे तर सगळ्यांत काळजीची जागा सांगायची आहे: आपल्या पोरांचे धंदे. दहावी झाली नाही की पोरगा कुठे जातो? गॅरेज, बॅटरीचे दुकान, भंगार, वेल्डिंग, रंगकाम. जगात जेवढे शिसे वापरले जाते त्यातले चार-पंचमांशाहून अधिक बॅटऱ्यांत जाते. मोटारसायकल, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, ई-रिक्षा, सगळीकडे तीच. जुन्या धाटणीच्या अशा बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसे असतो, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही भाव असतो. ती नोंदणीकृत कारखान्यात गेली तर शिसे पुन्हा कामाला येते. ती मागच्या अंगणात कुऱ्हाडीने फोडली, ॲसिड नालीत ओतले आणि प्लेटा कढईत वितळवल्या, तर तो धूर, ती माती आणि ते कपडे घरी येतात. बाप घरी येतो, लेकराला उचलतो. शिसे आले. यासाठी कायदा आहे. २००१ चे बॅटरी नियम होते, २०२२ मध्ये नवे आले, आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून नीट पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली. कंपनीची जबाबदारी कागदावर आणि कढई आपल्या पोराच्या हातात, असे होत असेल तर ते बोलले पाहिजे. पोराला ‘तू गुन्हेगार’ म्हणून नव्हे. त्याचा माल घेणारी साखळी कुठे जाते ते विचारून.

तोपर्यंत एक काम आजपासून होऊ शकते. जो कोणी बॅटरी, वेल्डिंग, रंग खरवडणे अशी कामे करतो त्याने कामाचे कपडे-चपला कामावरच ठेवायच्या, हात-तोंड साबणाने धुऊन घरी यायचे, ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. दुकानात बसून डबा खायचा नाही. वुजूला पाण्याने हात धुतोच. इथे आधी साबणाने धुवा.

रंगाचे थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण भिंतीवरचे त्याआधीचे थर तसेच आहेत, आणि हा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांचा आहे, कारखान्यांसाठीच्या रंगांचा नाही. जुन्या शाळेची खिडकी कोरडी घासू नका, आधी ओली करा; घासताना मुले जवळ नकोत.

हळदीवर मात्र थोडे थांबतो, कारण तिथे एक चांगली बातमी आहे. हळकुंड पिवळेजर्द दिसावे म्हणून त्याला लेड क्रोमेट नावाचा रंग लावतात. नावातच लेड आहे, म्हणजे शिसे. बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसे का आहे, याचा शोध घेत संशोधक खेड्यांत फिरले. कारखाना नाही, रंग नाही. शेवटी धागा हळदीपाशी पोचला. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसे होते. मग तिथल्या सरकारी अन्न खात्याने, संशोधकांनी आणि वर्तमानपत्रांनी मिळून काम केले: इशारे छापले, बाजारात यंत्राने तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ पर्यंत असे नमुने शून्यावर आले. दोन वर्षांत! आपल्याहून घनदाट वस्तीच्या, मुस्लीमबहुल देशाने हे करून दाखवले. त्याच संशोधकांनी पुढे भारत, पाकिस्तान, नेपाळमधल्या बाजारांतली हळद तपासली. २०२४ च्या अहवालात पाटणा, कराची, पेशावर इथले काही नमुने अतिशय वाईट निघाले, हजार पीपीएमच्याही वर. आपल्याकडची मर्यादा १० पीपीएम आहे. इथे गावात कोणाच्या परसात हळद होत असेल तर तीच उकडून, वाळवून, दळून घ्या. विकत घ्यायची तर फार झगझगीत हळकुंडावर भुलू नका.

आपल्या बैठकांत नेहमी एक प्रश्न येतो: आपली मुले शिक्षणात मागे का? सच्चर समितीने २००६ मध्ये आकडे दिले, महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये दिले. ती मुले शिशामुळे मागे आहेत असे मी म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. शाळा दूर आहेत, घरात पैसा नाही, भाड्याचे घर मिळत नाही, ही कारणे जागीच आहेत. पण जी वस्ती आपल्याला राहायला मिळते आणि जे धंदे आपल्या वाट्याला येतात, तिथेच शिसे जास्त असण्याची शक्यता आहे. तेव्हा शिष्यवृत्तीच्या मागणीबरोबर रक्ततपासणीची मागणीही असायला हवी. ती मागणी मुस्लीम म्हणून करायची गरज नाही. भंगारात काम करणारा दलित पोरगा, वीटभट्टीवरची आदिवासी पोरगी, सगळ्यांसाठी करायची.

शिशाखेरीज आपल्या जिल्ह्याचा आणखी एक धातू आहे, मँगनीज. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे त्याच्या खाणी आहेत. मँगनीज शरीराला थोडे लागते, पण पिण्याच्या पाण्यात जास्त असेल तर मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो असे बांगलादेश आणि कॅनडातल्या अभ्यासांत दिसले आहे. त्या गावांतल्या हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागितलाच पाहिजे. आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान, कन्हानमधून वैनगंगा असे गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत येते, हे पवनीकरांना मी काय सांगावे.

घरात काय करता येते? सुरमा मुलांसाठी बंद. आंबट पदार्थ स्टीलमध्ये. केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी ओले फडके. जेवणाआधी साबणाने हात. आणि ताटात लोह व कॅल्शियम: पालेभाज्या, डाळ, अंडी, दूध, कुवतीप्रमाणे कलेजी किंवा मटण. आपल्या राज्यात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातल्या ६९ मुलांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१ च्या पाहणीचा आकडा. म्हणजे शंभरातल्या ६९ मुलांचे दार शिशाला जास्त उघडे. आशाताईंनी दिलेले लोहाचे औषध कपाटात ठेवू नका, ते बाळाला द्या. शिसे उतरवणारी औषधे आहेत, पण ती फार जास्त पातळीसाठी, इस्पितळात देण्याची आहेत. बाकी मुलांसाठी इलाज एकच, शिसे येते कुठून ते शोधून तो रस्ता बंद करणे. कोणी ‘विष उतरवतो’ म्हणून गोळ्या विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

शेवटी कायद्याच्या दोन गोष्टी, त्या तुमच्या हातातल्या आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० खाली कोणताही ग्राहक विकत घेतलेला अन्नपदार्थ सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे, फी भरायची, आणि पदार्थ नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ खाली तीच सोय सौंदर्यप्रसाधनांसाठी आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांत रंग म्हणून शिशाची संयुगे वापरायला नियमांत बंदी आहेच. एकट्याने गेलात तर खिडकीवरचा माणूस ‘उद्या या’ म्हणेल. दहा जण जा.

म्हणून मी संयोजकांना एक विनंती केली आहे. पवनी, भंडारा, अड्याळ इथल्या दुकानांतून आणि मेळ्यांतून तुम्ही सुरम्याच्या दहा आणि हळदीच्या दहा पुड्या घ्या. प्रत्येकीची पावती घ्या. दुकानदार पावती देत नसेल तर तेही वहीत लिहा, कारण बिनपावतीचा आणि बिननावाचा माल हाच अर्धा प्रश्न आहे. अर्जाचे दोन मराठी मसुदे मी करून आणले आहेत, एक अन्नासाठी, एक सौंदर्यप्रसाधनांसाठी. तारीख आणि सही तेवढी तुमची. फीसाठी वर्गणी काढायची तर पहिली नोट माझ्याकडून घ्या. अहवाल येईल तो, चांगला असो की वाईट, दुकानाच्या नावाची बदनामी न करता आपल्या पत्रिकेत जसाच्या तसा छापू, मराठीतही आणि उर्दूतही. आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या ताई मघापासून हात वर करताहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.